व्यापारी क्रमांक सात

नारायण पेठ, पुणे
५ जानेवारी २०२६

चि. सुहाना हिस,
अकबरचाचांचा सलाम व आशीर्वाद. वि. वि.

आशीर्वाद सवयीने लिहिला आहे, त्याचा फार अर्थ काढू नकोस. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून पत्र. तुझी संस्था दुकानापासून वीस मिनिटांवर आहे, पण तिथे येऊन आवाज चढवण्याची माझी इच्छा नाही.

शनिवारी श्रीधरराव हिंग न्यायला आले. तुझ्या अहवालाची बातमी गल्ल्यावर ठेवून म्हणाले, की अहो, हे तर तुम्हीच! नाव तू लपवलंस म्हणे. 'व्यापारी क्रमांक सात : जुन्या पेठेत तीन पिढ्या अफगाणी खडा हिंग विकणारा.' पुण्यात असे किती आहेत, सांग बघू? दुकान दुपारी एक ते चार बंद असतं, हेही लिहिलंस. तेवढ्यावरून मात्र मला कुणी ओळखलं नसतं.

पुढे लिहिलंस, की बँकेचा मार्ग बंद असताना याने अफगाणिस्तानात हेरातच्या व्यापाऱ्याला दुबईच्या ओळखीच्या माणसाकरवी एकदा पैसे पोचवले. हे मी बकरी ईदला जेवताना बोललो होतो. दहशतवादाच्या पैशावरच्या अहवालासाठी नव्हे. आज सकाळी दोन अधिकारी येऊन दोन तास बसले. अख्ख्या पेठेने पाहिलं. चौकशी होईपर्यंत माझा आयातीचा परवाना थांबवला आहे. आठवड्याच्या आत तो क्रमांक सात काढून टाक.

चाची तुझी खुशाली विचारते. मी विचारत नाही.

अकबर


पुणे, ९ जानेवारी २०२६

आदरणीय अकबरचाचा यांस,
सुहानाचा सलाम. वि. वि.

पत्र मिळालं. अधिकारी आले त्याचं मला खरंच वाईट वाटतं. पण अहवाल तुम्ही वाचलात, की श्रीधररावांनी आणलेली बातमीच? अहवाल तुमच्याच बाजूचा आहे. परदेशी मदतीतून तिथल्या शेतकऱ्याला अफू सोडून हिंग लावायला शिकवतात. मग आपण दहशतवाद रोखायचा म्हणून सीमा बंद करतो आणि तोच हिंग अडवतो. माल पडून राहिला की शेतकरी पुन्हा अफूकडे वळतो, आणि तो पैसा बंदूकवाल्यांना मिळतो. इकडे सरळ माणसाला आडमार्ग धरावा लागतो. बाकीच्या अकरा व्यापाऱ्यांनी कानावर हात ठेवले. खरं बोललात ते तुम्ही एकटे. तुम्हाला काढलं तर अहवालात काही उरत नाही.

शिवाय ईदनंतर चार दिवसांनी दुकानात येऊन मी संमतीपत्रावर तुमची सही घेतली होती. घरच्या गप्पांचा उल्लेख त्यात आहे. प्रत सोबत जोडते. तुम्ही ते न वाचता सही केलीत, हा माझा दोष नाही. दहा फेब्रुवारीला या अहवालावर सरकारी समितीची पुण्यात सुनावणी आहे. क्रमांक सात राहणार.

चाचींना सलाम. राग शांत झाला की लोभाचा विचार व्हावा.

सुहाना


नारायण पेठ, १४ जानेवारी २०२६

चि. सुहाना हिस, सलाम.

प्रत मिळाली. सही माझीच आहे. गोणीवरची चिठ्ठीसुद्धा मी दोनदा वाचल्याशिवाय सही करत नाही. तुझा कागद वाचला नाही, कारण समोर गिऱ्हाईक नव्हतं, भाईजानची मुलगी होती. भाईजान गेल्यावर तू आमच्याच घरात लहानाची मोठी झालीस. तेव्हा तुझ्याकडून कसलीही सही आम्ही घेतली नव्हती.

काल शालनताई दुकानावरून गेल्या आणि समोरच्या दुकानातून पाकिटातला हिंग घेतला. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. माझ्याकडे बघून हसल्यादेखील. त्या हसण्याने मला जेवण गेलं नाही.

यापुढे पत्र लिहिण्याची तसदी घेऊ नये.

अकबर


पुणे, ३ फेब्रुवारी २०२६

आदरणीय चाचा यांस, सलाम. वि. वि.

तसदी घेते आहे, शेवटची. तुमच्या मनासारखं झालं. अधिकारी तुमच्याकडे अंदाजाने आले होते. क्रमांक सातचं नाव त्यांना माझ्याकडून लेखी हवं होतं. मी दिलं नाही. त्यावर समितीतल्या एका सदस्याने लिहून कळवलं, की असा व्यापारी मुळात नाहीच, तो मी रचला आहे. संस्थेने सांगितलं, की नाव द्या, नाहीतर अहवाल मागे घ्या. मी मागे घेते आहे. नोकरी बहुधा मार्चपर्यंतच.

सुनावणीत क्रमांक सात काल्पनिक होता अशी नोंद होईल. तुम्ही सुटलात. अभिनंदन.

सुहाना


नारायण पेठ, ११ फेब्रुवारी २०२६

चि. सुहाना हिस,

काल सुनावणीत तू मागच्या रांगेत मान खाली घालून बसली होतीस. मी उठून उभा राहिलो तेव्हाही वर पाहिलं नाहीस. म्हणून लिहितो.

मी त्यांना सांगितलं, की मी अकबर हसन बागवान, वय सदुसष्ट, हिंगाचा व्यापारी, क्रमांक सात. दुबईमार्गे पैसे एकदा पाठवले, कोणाला पाठवले, का पाठवले, सगळं सांगितलं आणि हेरातच्या पावत्या टेबलावर ठेवल्या. त्या सदस्याने विचारलं, की ही मुलगी तुमची कोण. पुतणी आहे, म्हटलं, आणि तिने एक अक्षर खोटं लिहिलेलं नाही. परवाना परत मिळेल असं कुणी म्हणालं नाही. उलट बाहेर पडताना एका वकिलाने बजावलं, की आता तो कायमचा जाईल आणि खटलाही होईल. होऊ दे. आजोबांच्या काळापासून दुकानाच्या गादीवर माणसं बसत आली आहेत. मी नव्हतोच असं सरकारदरबारी लिहून घ्यायला मी मेलेलो नाही.

तुझी नोकरी वाचवायला गेलो असं समजू नकोस. तुझी चाची नसीमबानू तसं समजते आणि कालपासून रडते आहे. तिला समजू दे.

पुढच्या महिन्यात ईद आहे. यायचं तर ये, घर तुझं आहे. चाची तुझं ताट माझ्यासमोरच मांडेल, नेहमीसारखं. तू पोटभर जेव. तू जेवून उठेपर्यंत मी एक शब्द बोलणार नाही.

अकबरचाचा