‘चांगले’ नाणे

झेन्सव्हिल, ओहायो
९ मार्च १९६४

चि. ऑरिन यास ताईचे अनेक आशीर्वाद.

पोटाचं ऑपरेशन वीस एप्रिलला ठरल्याचं तू पत्राच्या अगदी तळाशी, मांजरीच्या पिल्लांनंतर लिहिलंस. म्हाताऱ्या बहिणीला शेवटच्या ओळीही वाचता येतात हे विसरलास. मी येते आहे. तुझ्याकडून भाडं घेणार नाही.

माझी सोय झाली आहे. आईचं १७९५ सालचं चांदीचं नाणं, अर्ध्या डॉलरचं, माझ्याकडे आहे ना? ग्रंथालयात जुन्या नाण्यांच्या भावांचं पुस्तक पाहिलं. प्रत्येक नाण्यापुढे रकाने आहेत: ‘चांगले’, ‘उत्तम’, ‘अत्युत्तम’ आणि सगळ्यात शेवटी ‘न वापरलेले’. आपल्या घरात पणजोबांपासून ते कुणी खर्च केलं नाही, म्हणजे न वापरलेलंच. त्या रकान्यात साडेआठशे डॉलर लिहिले आहेत. तेव्हा विमानानेच येईन म्हणते.

प्रकृतीस जपावे, लोभ आहेच.
अल्मिरा

रॉकलंड, मेन
१४ मार्च १९६४

ती. अल्मिराताईस, पोटामुळे साष्टांग जमत नाही, सबब उभ्यानेच नमस्कार.

तू आणि विमान? लिफ्टमध्ये डोळे घट्ट मिटून घेणारी बाई तू. ऑपरेशन किरकोळ आहे. दहा दिवसांत उठून बसाल, असं डॉक्टर म्हणाले. उगाच धावत येऊ नकोस. माझं स्वयंपाकघर बघून तुलाच आधी दवाखान्यात न्यावं लागेल. आणि नाणं विकण्याआधी मला विचार, अर्ध्या डॉलरचा अर्धा वाटा माझाही आहे.

राग नसावा, असला तर केकबरोबर टपालाने पाठवावा.
ऑरिन

ता. क. वरच्या खोलीतला हीटर दुरुस्त करून घेतला आहे. सहज कळवतो.

झेन्सव्हिल
२१ मार्च १९६४

चि. ऑरिन यास आशीर्वाद.

नाण्यांचे व्यापारी हकाबी म्हणून आहेत, त्यांच्याकडे गेले. त्यांनी भिंगातून बघितलं आणि ‘चांगले’ म्हणाले. मी फुलून गेले. आपल्या घराण्याचा सगळा इतिहास ऐकवला आणि साडेआठशे मागितले. तर त्यांनी मला स्टुलावर बसवलं आणि पाणी दिलं.

नव्या पाद्र्याचं कंटाळवाणं प्रवचन संपल्यावर आम्ही बायका दारात ‘चांगलं होतं’ म्हणतो ना, त्यातलं हे ‘चांगले’! चेहरा पार झिजलेल्या नाण्याला म्हणतात. आणि न वापरलेलं म्हणजे टाकसाळीतून आल्यासारखं कोरं. हे घासलं कुणी, असं त्यांनी विचारलं. मी अभिमानाने सांगितलं, आधी आईने, मग चाळीस वर्षं दर शनिवारी मी, खायच्या सोड्याने. त्यांनी चष्मा काढला आणि सांगितलं, घासलेल्या नाण्याची किंमत आणखी उतरते.

पस्तीस डॉलर देतो म्हणाले. नाणं घेऊन परत आले. रस्त्यात रडले, तुला म्हणून सांगते. स्वच्छतेपायी माझं विमान गेलं.

तुझी मूर्ख
अल्मिरा

रॉकलंड
२६ मार्च १९६४

ती. ताईस नमस्कार.

तुझं पत्र वाचून हसलो, टाके पडायच्या आधीच हसून घेतलं. ताई, मी खोटं लिहिलं होतं. डॉक्टर किरकोळ म्हणालेले नाहीत. पोट उघडल्याशिवाय काही सांगता येत नाही, असं म्हणाले. मला भीती वाटते. हे इथे कुणाला सांगितलेलं नाही.

तू ये. आईचं नाणं विकू नकोस, भाडं मी पाठवतो. एवढी एक वेळ मोठेपणा बाजूला ठेव.

तुझा
ऑरिन

झेन्सव्हिल
१ एप्रिल १९६४

चि. ऑरिन यास खूप खूप आशीर्वाद.

भाडं पाठवू नकोस, नाणं विकलं. आईने ते मोडीच्या भावानेही विकलं असतं, तुझ्यासाठी. हकाबींनी वर दोन डॉलर चढवून दिले, बहुधा मी पुन्हा इतिहास सुरू करीन या धास्तीने.

बसचं तिकीट काढलं आहे. शनिवारी, अकरा तारखेला संध्याकाळी पोहोचेन. पैसे एका बाजूच्याच तिकिटाला पुरले. परतीचं तू काढायचंस, स्वतः स्टँडपर्यंत चालत जाऊन. तोवर मी तिथून हलणार नाही.

तुझी ताई
अल्मिरा