मागचा दिवा माझ्या मर्जीवर

रविवार, १ मार्च

आजपासून रोजनिशी. माझ्या डोक्यात येणाऱ्या कल्पनांची कदर करणारं घरात कोणी नाही, तेव्हा नोंद तरी राहावी.

आजची घटना. बेसमेंटच्या पार्किंगमध्ये बायकोचा रिव्हर्सचा सराव. दोन खांबांच्या मधे गाडी मागे घ्यायची. तिने एका दमात घेतली. मग मी म्हटलं, सरक, योग्य पद्धत दाखवतो. मला चार वेळा पुढेमागे करावं लागलं. डोळ्यावर ऊन आलं होतं. बेसमेंटमध्ये कुठलं आलंय ऊन, असं ही म्हणाली. दुसऱ्या मजल्यावरचे रिटायर्ड हेडमास्तर तिथेच फेऱ्या मारत होते. त्यांनी टाळ्या वाजवल्या. तिच्यासाठी.

घरी येऊन शांतपणे विचार केला. दोष उजेडाचा आहे. रिव्हर्स गिअर पडला तरच मागचा पांढरा दिवा लागतो. म्हणजे आधी अंधारात गिअर टाका आणि मग बघा मागे काय वाढून ठेवलंय! गाडी माझी, दिवा माझा, आणि मर्जी चालणार गिअरची?

निर्णय: डॅशबोर्डखाली वेगळा स्विच बसवायचा. दाबला की मागचा दिवा चालू, गिअर कुठलाही असो. एका रविवारचं काम.

सोमवार, २ मार्च

हिला योजना सांगितली. वीस तारखेला माझी ड्रायव्हिंग टेस्ट आहे, तोवर गाडीला हात लावू नका, असं म्हणाली. टेस्ट याच गाडीवर द्यायची आहे. ती ज्या लॅबमध्ये काम करते तिथे तिला सुपरवायझर करणार आहेत. सकाळी सहा वाजता गाडी काढायची, पाच सेंटरांवरून रक्ताचे नमुने गोळा करायचे. अट एकच, एक एप्रिलच्या आत लायसन्स दाखवा. नाही दाखवलं तर पोस्ट दुसरीला. ती दुसरी म्हणजे रजेवर जाताना हिच्या टेबलावर स्वतःचं काम टाकून जाणारी.

मी म्हटलं, अगं, हे सगळं तुझ्यासाठीच तर करतोय. ती उठून कुकर लावायला गेली. भारावली असावी.

मंगळवार, ३ मार्च

ऑफिसात जुन्या फाइलच्या पाठीमागे डायग्राम काढला. एक वायर फ्यूजपासून स्विचला, दुसरी स्विचपासून दिव्याला. बस्स. लोक उगाच इंजिनिअरिंगला चार-चार वर्षं घालवतात.

संध्याकाळी मेहुण्याचा फोन. त्याचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान आहे. बहिणीने कानावर घातलेलं दिसतंय. भाऊजी, दुकानात घेऊन या, मधे रिले आणि डायोड टाकावा लागतो, नाहीतर करंट नको तिकडे उलटा जातो, असं म्हणाला. मी म्हटलं, बघू. हे लोक पार्ट विकल्याशिवाय राहत नाहीत. करंटला मी स्विच दिला आहे, तो नको तिकडे कशाला जाईल?

शनिवार, ७ मार्च

सकाळी ९. काम सुरू.

सकाळी ९.४०. मागच्या दिव्याचं कव्हर निघत नाही.

सकाळी १०.१५. निघालं. क्लिप तुटली. तशीही ती जास्तीचीच वाटत होती.

दुपारी १२. डिकीत आडवा पडून वायर ओढत असताना हेडमास्तर आले. सगळं ठीक ना, असं विचारलं. पाय बाहेर दिसत होते म्हणे. ठीक आहे म्हटलं. तरी खाली बसून बघत राहिले. यांच्या शाळेत पोरं शिकली कशी कोण जाणे.

दुपारी ३. वायर एक हात कमी पडली. घरातल्या टेबल-फॅनची जोडली. रंग वेगळा आहे, पण करंट काय रंग बघून धावतो?

संध्याकाळी ६. पाठ धरली. उद्या.

रविवार, ८ मार्च

यश! यश! यश!

स्विच दाबला, मागचा दिवा लखकन लागला. भिंतीवर पांढराशुभ्र उजेड. डोळ्यांत पाणी आलं. हिला खाली बोलावलं. ती पीठ मळता मळता आली, बघितलं, आणि ती बाई का बोलतेय, असं विचारलं.

बाईचा खुलासा नोंदवून ठेवतो. गाडी सेकंडहँड आहे. आधीच्या मालकाने बंपरखाली स्पीकर बसवलेला आहे. रिव्हर्स टाकला की त्यातून एक बाई बोलते, "सावधान! गाडी मागे येत आहे." आता माझा स्विच दाबला तरी बोलते. मेहुण्याला सहज म्हणून फोन केला. करंट उलटा फिरून स्पीकरलाही जातोय, तेव्हाच सांगितलं होतं भाऊजी, असं म्हणाला. मी म्हटलं, मुद्दामच ठेवलंय. उजेड आणि सूचना, दोन्ही एका बटणात.

स्विच स्टिअरिंगखाली डाव्या हाताला बसवला आहे. माझ्या गुडघ्यापासून चांगला चार बोटं लांब. हिचा गुडघा मात्र क्लच दाबताना त्याला लागतो. ती माझ्यापेक्षा उंच आहे. लग्नाच्या वेळी हा मुद्दा कोणी लक्षात घेतला नव्हता.

सोमवार, ९ मार्च

ऑफिसला जाताना सिग्नलला थांबलो. स्विचला चुकून हात लागला. बाई बोलायला लागली. मागच्या मोटरसायकलवाल्याने माझा पांढरा दिवा पाहिला आणि पायाने रेटत मागे सरकला. त्याच्या मागचा टेम्पो मागे सरकला. त्याच्या मागचे सगळेच सरकले. सिग्नल सुटला, मी पुढे निघालो, तेव्हा ते चार गाड्यांएवढं अंतर सोडून तोंड वासून बघत होते.

इतक्या वर्षांत इतकी मोकळी जागा मला कोणी दिली नव्हती. शोधाचा हा पैलू माझ्याही लक्षात आला नव्हता.

बुधवार, ११ मार्च

मागून चिकटून चालवणाऱ्यांवर प्रयोग. परिणाम उत्तम. आज एक काळी गाडी उड्डाणपुलापासून अगदी बंपरला चिकटली होती. दाबला स्विच. बाई कडाडली. काळी गाडी करकचून थांबली, उजवीकडे वळली, दुभाजकावरच्या दोन कुंड्या आडव्या. मी आरशात बघून मनसोक्त हसलो.

सकाळी ११.३०. काळी गाडी साहेबांची होती.

दुपारी ४. साहेबांनी बोलावून घेतलं. तुम्ही रस्त्याच्या मधोमध रिव्हर्स का टाकलात, असं विचारलं. मी म्हटलं, टाकला नव्हता सर, फक्त तसं वाटलं. मग जा म्हणाले. आवाजात आदर नव्हता, पण कुतूहल नक्की होतं.

शुक्रवार, १३ मार्च

हिने शांतपणे सांगितलं, टेस्टच्या आधी स्विच निघाला पाहिजे. हिचा शांतपणा मला ओरडण्यापेक्षा जड जातो. शब्द दिला. शनिवारी काढतो.

शनिवार, १४ मार्च

डोकं चढलं होतं.

रविवार, १५ मार्च

स्क्रू-ड्रायव्हर सापडला नाही. (डिकीतच होता. पण डिकीत कोण बघतं?) तात्पुरता उपाय म्हणून स्विचवर बुटांच्या खोक्याचा पुठ्ठा चिकटवला. आता गुडघा लागला तरी हरकत नाही. मजबूत काम.

मंगळवार, १७ मार्च

पुठ्ठा टिकला नाही.

संध्याकाळी हिचा सराव. पहिलाच क्लच, गुडघा लागला, बाई बोलली. गाडी पुढे चालली होती आणि मागे हेडमास्तर. ते उडी मारून खांबाला बिलगले. त्यांच्या वयाला इतकी उडी जमते हे बघून बरं वाटलं, तसं बोलूनही दाखवलं. कोणी हसलं नाही.

वर आल्यावर ही खुर्चीत बसून राहिली. मग बोलली. बोलली ते जसंच्या तसं लिहितो, कारण झोप येत नाहीये. पाच महिने मी पहाटे उठून क्लासला जातेय. घरचं सगळं आवरून जातेय. अठरा वर्षं लॅबमध्ये खाली मान घालून काम केलं, आता कुठे कोणी मान वर करून बघितलंय. तुमच्या त्या बटणापायी हे गेलं ना, तर मी तुम्हाला काही म्हणणार नाही, पण मला आयुष्यभर वाईट वाटेल. असं म्हणाली. आणि आत गेली.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. उद्या सकाळी पहिलं काम हेच.

बुधवार, १८ मार्च

काढला! ऑफिसला अर्ध्या दिवसाची रजा टाकून स्विच मुळासकट काढला.

दोन वायरी मोकळ्या लोंबत राहिल्या होत्या. अशा उघड्या वायरी धोक्याच्या. म्हणून दोन्हींची टोकं सोलून एकमेकींत छान पिळली आणि वरून घट्ट टेप गुंडाळला. कुठे ठिणगी नाही, काही नाही. कारण चावी तेव्हा माझ्या खिशात होती. सेफ्टी फर्स्ट.

हिला जागा दाखवली. तिने त्या जागेवरून बोट फिरवलं आणि थँक्यू म्हणाली. नवरा असावा तर असा, हे तिच्या मनात आलंच असणार.

गुरुवार, १९ मार्च

हिचा शेवटचा सराव क्लासच्या गाडीवर. आपली गाडी धुऊन पुसून उभी. मी कालपासून बसनेच जातोय, धूळ नको बसायला. मेहुण्याने फोन करून गाडी एकदा दाखवून जा म्हटलं. गरज नाही म्हटलं.

शुक्रवार, २० मार्च

रात्री लिहितोय. क्रमाने लिहितो, म्हणजे माझी बाजू नीट येईल.

सकाळी साडेसातला चावी फिरवली. बाई बोलायला लागली. "सावधान! गाडी मागे येत आहे." स्विच नाही, रिव्हर्स नाही, तरी बोलतेय. मी चावी बंद करून परत फिरवली. परत बोलली. मी म्हटलं, गरम झाली की थांबेल. हिने मेहुण्याला फोन लावला. मी त्याला सगळं सांगितलं. वायरी कशा सुरक्षित पिळल्या तेही सांगितलं. त्याने ते मला दोनदा सांगायला लावलं. मग म्हणाला, भाऊजी, स्विच म्हणजे दोन वायरी जोडणं आणि तोडणं. तुम्ही त्या कायमच्या जोडून ठेवल्यात. फोन ताईकडे द्या.

वेळ नव्हता. टेस्टच्या मैदानापर्यंत सहा किलोमीटर मीच चालवली. बाई एकदाही दमली नाही. रस्ता मात्र फार मोकळा मिळाला.

मैदानावर रांग. हिचा नंबर सातवा. मी इन्स्पेक्टरला समजावायला निघालो होतो, हिने माझा शर्ट मागून धरला. उतरा, असं म्हणाली. मग स्वतः वाकली, भावाने फोनवर सांगितलं होतं तसा स्टिअरिंगखालचा टेप काढला, वायरींचा पीळ सोडवला, दोन टोकांना दोन वेगळे टेप लावले. बाई गप्प झाली. मी मोबाइलवर बघितलं, दीड मिनिट. माझा एक शनिवार आणि एक रविवार गेला होता.

मी कुंपणापाशी उभा. हिने चढ घेतला, वळण घेतलं, मग खांबांमधून रिव्हर्स. एका दमात. दिवा लागला तेव्हा लागला, विझला तेव्हा विझला. मी कुंपणावर चढून टाळ्या वाजवल्या. खरंच वाजवल्या.

पास. गाडीतून उतरली तेव्हा रडत होती आणि हसतही होती. मला रांगेदेखत मिठी मारली. त्यात रागाचा अंशही नव्हता, हे मला अजून उलगडलेलं नाही.

इथेच थांबायला हवं होतं. पण इन्स्पेक्टरने विचारलं, मघाशी गाडी पुढे येत होती आणि बाई मागे येतेय म्हणत होती, ते काय प्रकरण? वायरिंग कोणी केलंय? मी छाती काढून पुढे झालो. डायग्राम खिशात होताच, तोही दाखवला. त्याने तो उलटासुलटा बघितला. इथवर गाडी कोणी चालवत आणली, असं विचारलं. मीच, म्हटलं. लायसन्स दाखवा म्हणाला. मी दिमाखात काढून दिलं.

त्याने तारीख वाचली. मग मला वाचायला दिली. मुदत संपून चौदा महिने.

एक वर्षावर गेलं की नूतनीकरण नाही, नव्याने शिकाऊ परवाना, नव्याने टेस्ट, असं त्याने सांगितलं. दंड केला. आणि गाडीची चावी माझ्या हातातून घेऊन हिच्या हातात दिली.

घरी येताना मी डाव्या सीटवर. ती छान चालवते. काही सूचना सुचल्या होत्या, पण बोललो नाही.

गुरुवार, २६ मार्च

हिचं लायसन्स लॅबमध्ये दाखवून झालं, पोस्ट तिलाच. एक तारखेपासून गाडी पहाटेच बाहेर पडणार. मी बसने. साहेबही खुश दिसले.

संध्याकाळी शिकाऊ परवान्याचा अर्ज भरला. वय, पत्ता, रक्तगट, सगळं व्यवस्थित. तिसऱ्या पानावर रकाना होता, सोबत बसून शिकवणाऱ्या परवानाधारकाचं नाव. मेहुण्याला विचारलं तर तो सध्या फार कामात आहे म्हणे. हेडमास्तरांनी दारच उघडलं नाही.

हिचं नाव लिहिलं. नातं: पत्नी. वाहन चालवण्याचा अनुभव: सहा दिवस.