साचा अडकलेला बूट

तीर्थरूप बाबांना इथूनच वाकून नमस्कार.

बुटांचा कारखाना बंद पडल्याचं तुमच्या कानावर आलंच असेल. काळजी नको, मी रिकामा नाही. नगरपालिकेने कारखान्याची शेड आम्हा कामगारांनाच चालवायला दिली आहे. मोठ्या कारखान्याची वाट बघू नका, हल्ली छोट्या धंद्यांवरच गावं तग धरतात, असं नगरपालिकेच्या एक बाई सांगून गेल्या. बोलायला काय जातं!

काल पहिला बूट केला. मी शिवला, शेजारच्याने तळ चिकटवला, आणि आतला लाकडी साचा काढायला कुणालाच येईना. कारखान्यात ते काम दुसऱ्या खात्याचं. दोघांनी बूट धरला, दोघांनी साचा ओढला, तरी ढिम्म. मग आठवलं, आपल्या चपला-बुटांच्या दुकानात तुम्ही बूट गुडघ्यांत धरून टाचेकडून हिसका देता. तसं केलं. साचा सुटला, टाच मात्र उसवली.

आईचा खोकला कसा आहे? मी वेळेवर जेवतो म्हणून सांगा तिला.

तुम्ही दुकान बंद करायचं म्हणत होता. केलंत का? केलं असेल तरी हत्यारं अजून कुणाला देऊ नका.

तुमचा,
धाकटा