अंगठ्याची हजेरी

सोमवार, ३ जून २०२४. सकाळचे सात वाजून दहा मिनिटे.
आत्याच्या माडीवरच्या खोलीत शर्टाला इस्त्री करतो आहे आणि मधूनच हे लिहितो आहे. आज प्रयोगशाळेत कामाचा पहिला दिवस.

संध्याकाळी सहा. छान गेला दिवस. माझी शाळा नववीत सुटली. काम मिळाले ते अक्षरावर. प्रयोगशाळा चालवणाऱ्या मॅडमना बाटल्यांवर चिठ्ठ्या लिहायला शुद्ध लिहिणारा माणूस हवा होता. टेबलावर काचेच्या आठ उथळ बश्या आहेत. बश्यांत पाणी, पाण्यात तेलाचे बारीक थेंब. थेंब आपोआप सरकतात, द्रावण पाजले की फुगतात, फुगले की एकाचे दोन होतात. मी विचारले, जिवंत आहेत का. मॅडम म्हणाल्या, छे रे, जिवंत जे करतात ते करून दाखवतात, एवढंच. तू साहेबासारखा शर्ट घालून आलास म्हणून साहेब झालास का? मलाही हसू आले.

दारातल्या यंत्रावर अंगठा ठेवला की दार उघडते आणि हजेरी लागते. हजेरीच्या कारकुनांना सगळे भाऊसाहेब म्हणतात. ते म्हणाले, तीन महिने पुरे भर, तिन्ही पगार एकदम घे आणि कायमचं पत्र घे. खाडा झाला तर आपली ओळख विसर. आत्यालाही तोवर भाड्यासाठी थांबायला सांगितले आहे. ती म्हणाली, थांबते, पण भाचा म्हणून खोली दिली आहे, फुकट नाही.

मंगळवार, १८ जून.
थेंब चौथ्या दिवशी थंडावतात. पुन्हा नवे करायचे, पुन्हा चौथा दिवस. मॅडम थकल्या आहेत. वरून पत्र आले आहे की महिनाअखेर काही दिसले नाही तर काम बंद. म्हणजे मीही बंद.

शुक्रवार, २१ जून.
हातमोजे संपले. उघडे बोट पाण्याला लावायचे नाही, कातडीच्या तेलाने सगळे नासते, हा इथला पहिला नियम. पण पाजायची वेळ चुकवणेही बरे नव्हे. मी उघड्या हाताने द्रावण सोडले आणि अंगठा बशीत बुडाला. कुणी पाहिले नाही.

सोमवार, २४ जून.
त्या बशीतले थेंब चौथ्या दिवशीही पळत आहेत. मी ज्या बाजूला उभा राहतो तिकडे गोळा होतात. मॅडम नाचायच्याच बाकी होत्या. त्यांना खरे सांगायला हवे होते. सांगितले नाही.

बुधवार, १० जुलै.
रोज सकाळी मॅडम यायच्या आत आठही बश्यांत अंगठा बुडवतो, प्रत्येकीत दहा मोजेपर्यंत. एक दिवस टाळून पाहिले, तर दुपारीच थेंब थंडावले. दुखत काहीच नाही. दमायला मात्र फार होते. आत्या म्हणाली, बश्या धुतोस की डोंगर फोडतोस?

सोमवार, २९ जुलै.
यंत्राने अंगठा ओळखला नाही. मॅडमनी आतून दार उघडले. खिडकीपाशी जाऊन अंगठा पाहिला. रेषा नाहीत. काचेसारखा गुळगुळीत. मग भिंगातून थेंब पाहिले. त्यांच्या सालीवर बारीक रेषा आहेत, गोल गोल, आतल्या आत वळलेल्या.

मंगळवार, ३० जुलै.
कालचा खाडा कबूल करायला भाऊसाहेबांकडे गेलो. ते म्हणाले, कसला खाडा? काल सहालाच हजर होतास. रविवारी पण येतोस, जरा दमानं घे, आम्हाला लाज वाटते. काल सहाला मी अंथरुणात होतो. यंत्राच्या काचेवर तेलकट डाग होता. पुसला.

गुरुवार, ८ ऑगस्ट.
चार दिवस अंगठा बुडवला नाही. थेंब आता थंडावत नाहीत. तीन बश्या रिकाम्या, झाकणे शेजारी नीट ठेवलेली. मॅडमना सगळे सांगून टाकले, नियम मोडला तेही. त्या म्हणाल्या, अरे सकाळी सातलाच तर सांगितलंस, आणि मी माफही केलं. मी दहाला आलो होतो —

शुक्रवार, २३ ऑगस्ट.
दहापैकी एकही बोट यंत्रावर चालत नाही. बेल वाजवली. भाऊसाहेबांनी काचेतून पाहिले, विचारले, कोण पाहिजे. मी माझे नाव सांगितले. म्हणाले, तो कामात आहे, निरोप असेल तर सांगा. सांगा म्हणाले. मला, अहो-जाहो —

शनिवार, ३१ ऑगस्ट. संध्याकाळचे सहा.
पत्र मिळायचा दिवस. गेलो नाही. जिना उतरवत नाही. पेन बोटांतून घसरते. कुणाचे राहू नये म्हणून हिशेब.

हातमोजे, पदरचे — दोनशे चाळीस.
मलम — नव्वद.
आत्याला देणे, तीन महिन्यांचे भाडे — एकवीसशे.

खाली आत्या बोलते आहे. म्हणते, आलास? झालास ना कायम? — नोटा मोजते आहे. म्हणते, एकदम सगळे दिलेस रे पोरा —

एकवीसशे खोडले.

ती म्हणते, वर जाऊन पड जरा, दमला असशील. तो म्हणतो, नाही. मुळीच नाही. आवाज माझ्यापेक्षा बरा —

खर्च, तीनशे तीस.
देणे, काही नाही.
शिल्लक —