घडीताईचा पाठ

सोमवार, १० मार्च

लिहायचं लिहायचं म्हणत आठवडा गेला. पहिले तीन दिवस पेन नव्हतं. पेन मिळालं तर वही सापडेना. दोन्ही एका जागी आली तेव्हा मला झोप आली. खरं कारण आळस. गोटी म्हणते, आळशांच्या स्पर्धेत तुझा पहिला नंबर आला असता, पण त्याचाही अर्ज तुझ्याच्याने भरवला नसता.

गोटी म्हणजे माझी धाकटी बहीण. वय एकोणीस, उंची बेताची, तोंड मोठं. बस चालवायला शिकतेय. साधीसुधी नाही, चांगली पन्नास माणसांची. स्टिअरिंगमागे ती दिसतच नाही, म्हणून बस आपली आपण चाललीय असं वाटून लोक बाजूला होतात, असं तीच सांगते. अठ्ठावीस तारखेला तिची परीक्षा आहे आणि मी तिथं हजर राहायचं कबूल केलंय. आजवर कबूल केलेल्यातलं मी काय काय पाळलं ते ती बोटांवर मोजून दाखवते. एक हात पुरतो, वर बोटं शिल्लक राहतात. म्हणून या वेळी जायचंच. वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात २८ लिहून ठेवलंय.

हां, नोकरी. ही सातवी, पण हिच्यासाठी मी लहानपणापासून तयारी करत होतो असं म्हणायला हरकत नाही. टीव्ही केंद्राची जुनी इमारत, तिसरा मजला, टेपांची खोली. शाळा बुडवून मी जे बघायचो ते सगळं इथं फडताळात उभं आहे. पेन्सिल कशी बनते. दहापर्यंत मोजत बोगद्यात शिरणारी लाल डब्यांची गाडी. रस्ता ओलांडताना दोन्हीकडे मान वळवणारा कापडी जिराफ (त्याची मान एकदा तुटलेली दिसायची, दोरा लोंबत होता, ते कुणी कापलंच नव्हतं). तीन-चार मिनिटांचे तुकडे. इथे त्यांना पाठ म्हणतात.

काम सोपं आहे. मोठी झालेली माणसं लिहून पाठवतात, की अमुक पाठ आठवतो, सापडेल का. मी टेप शोधायची, मशीनवर चालवायची, कॉम्प्युटरवर उतरवायची आणि त्यांना पाठवायची. आमच्या बाई, म्हणजे साहेब, पहिल्या दिवशी म्हणाल्या की लोकांना लहानपण परत हवंय आणि ते आपल्याकडे तिसऱ्या मजल्यावर ठेवलेलं आहे, फक्त धूळ पुसून द्या. मला फार आवडलं ते.

मशीनं सांभाळणारे तारवाले काका आहेत. खिशात कायम तारेचे तुकडे. तीस वर्षं याच खोलीत. खाली दारावर फाटकमामा, ते माणसाच्या चालण्यावरून त्याची नोकरी किती टिकेल ते सांगतात. मला बघून म्हणाले, महिनाभर. गोटीने तीन आठवडे धरलेत. बघू कोण जिंकतं.

बुधवार, १२ मार्च

आज एका बाईंना लाल गाडी पाठवली. त्यांनी लगेच उलट लिहिलं, की त्या पन्नाशीच्या आहेत, ऑफिसात बसून दहापर्यंत मोठ्याने मोजलं, शिपाई बघत राहिला. मी पण मोजलं होतं. या पाठांची हीच गंमत. काहीतरी विचारतात आणि थांबतात. पोरांनी घरून उत्तर द्यायचं. मग ते मान डोलावतात, जणू ऐकू गेलं. मी तर जिराफाशी भांडायचो.

एक गोष्ट मात्र विचित्र आहे. उत्तर न दिलेल्या पत्रांचा एक गठ्ठा आहे, त्यात तीन पत्रं एकाच पाठाबद्दल. घडीताई नावाची बाई, कपड्याची घडी कशी घालायची ते शिकवते. पण पहिल्या पत्रात ती पट्ट्यांचा सदरा घडी करते. दुसऱ्यात हिरवा स्वेटर. तिसऱ्यात झालरीचा झगा. आणि तिघंही लिहितात की तो कपडा आमच्याच घरचा होता. सदऱ्यावर शाईचा डाग होता तो माझ्या भावाचा, असं पहिली बाई लिहिते. पुढे लिहिते, आई मात्र मरेपर्यंत म्हणत राहिली की तुला भाऊ नव्हता, तू एकुलती. तो पाठ मिळाला तर निदान सदरा तरी बघता येईल.

तिन्ही पत्रांचा शेवट तोच. घरचे म्हणतात असं कुणी नव्हतंच.

नोंदवहीत बघितलं तर पाठ एकच. क्रमांक २१२, घडी घालणे, चार मिनिटं, कपडा: पांढरा हातरुमाल. पुढचं सगळं पांढरा कागद चिकटवून झाकलेलं.

मला हा पाठ आठवत नाही. याचाच राग आला. पाठ बघण्यात माझा हात धरणारा कुणी नाही, आणि हा नेमका माझ्या आधीचा.

दुपारी गोटीचा फोन. रोज जेवणाच्या सुट्टीत करते. आज तिने बस मागे घेताना खांबाला नमस्कार केला. मास्तर ओरडले. ती म्हणाली, खांबच मधे आला.

शुक्रवार, १४ मार्च

तारवाले काकांवर माझी नजर आहे. २१२ ची जागा फडताळात रिकामी आहे, पण आजूबाजूला धूळ आणि तिथे नाही. म्हणजे टेप हल्लीच उचललीय. विचारलं तर म्हणाले, बुरशी लागली, टाकली. टाकली तर नोंदीवर कागद कशाला चिकटवायचा? आणि लहान मुलांचे पाठ उतरवताना ते हेडफोन लावूच देत नाहीत. आवाजाचा काटा हलतोय ना, मग बस, म्हणतात. बाकी कुठल्याही टेपला हा नियम नाही.

माझा अंदाज, माणूस जुन्या टेपा बाहेर पुरवतो. शौकीन लोक असतात त्याचे. चेहरा किती साधा, आणि बघा.

फाटकमामांना आडून विचारलं. ते म्हणाले, काका सोन्यासारखा माणूस, फक्त दर वर्षी शाळा सुरू झाल्या की एक नवं दप्तर विकत आणतो आणि घरी न नेता इथेच कपाटात टाकतो. मूलबाळ नाही त्यांना. मामा डोक्याशी बोट फिरवून हसले.

सोमवार, १७ मार्च

सापडली!

काका दवाखान्यात गेले होते. कपाटाची किल्ली तारेच्या डब्यात. आत दप्तरंच दप्तरं, कोरी, एकावर एक, अठ्ठावीस मोजली आणि मग मोजणं सोडून दिलं. सगळ्यात खालच्या दप्तरात टेप. लेबलवर लिहिलंय, ध्वनिचाचणी, निरुपयोगी. कडेला खोडलेला आकडा २१२.

आधी आवाज बंद ठेवूनच बघितली, मशीन बिघडलं तर माझ्यावर यायला नको. काही नाही हो त्यात. टेबल, पांढरी भिंत, एक ताई. हसरा चेहरा, कुणाच्याही शाळेत असेल अशी. हातरुमालाची घडी घालते. एक, दोन, तीन, चार. मग काहीतरी विचारते आणि थांबते. फार वेळ थांबते. मग टेप संपते. सदरा नाही, स्वेटर नाही.

एवढ्यासाठी एवढी लपवाछपवी?

मंगळवार, १८ मार्च

काका आजही रजेवर. हेडफोन लावून बघितली.

नीट लिहितो. आवाज फार गोड. ऐकल्याबरोबर मी नऊ वर्षांचा झालो. जमिनीवर पालथा पडलेला, आणि शेजारी गोटी, चार वर्षांची, पिवळा फ्रॉक, एकाच पायात मोजा, टीव्हीला नाक लावून. मला सगळं दिसलं, मोज्याचं भोकसुद्धा. डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू.

चार घड्या झाल्या. ताईने वर बघितलं आणि विचारलं, तुझ्या घरी अजून कोण कोण आहे? आठव बरं. आणि ती थांबली.

मी म्हणालो, गोटी.

असंच. तोंडातून गेलं. लहानपणी जायचं तसं.

तिने मान डोलावली. हातरुमाल बाजूला ठेवला. मग मांडीवरून पिवळा फ्रॉक उचलला आणि टेबलावर पसरला. एक, दोन, तीन, चार. खोक्यात ठेवला. झाकण लावलं.

काल हे नव्हतं. शपथेवर सांगतो, काल हे नव्हतं.

आज गोटीचा फोन आला नाही. सराव असेल.

बुधवार, १९ मार्च

आजही नाही. मी लावला तर हा क्रमांक अस्तित्वात नाही असं सांगतात. बसच्या शाळेत फोन केला. मास्तरांनी यादी दोनदा वाचून दाखवली. खांबाला धडकलेली मुलगी म्हटलं, तर म्हणाले, आमच्याकडे कुणी खांबाला धडकत नाही.

आईला फोन केला. आई म्हणाली, कोण गोटी?

मी ओरडलो. ती घाबरली, ताप आहे का विचारलं, जेवतोस का विचारलं. मग हळूच म्हणाली, लहानपणी तुला बहिणीची फार हौस होती रे. कितीदा मागायचास.

घरात तिची खोली आहे, मी म्हणालो. आई म्हणाली, ती अडगळीची.

गुरुवार, २० मार्च

काका आले. मी त्यांची कॉलर धरली. त्यांनी मशीनजवळची टेप बघितली आणि ते खालीच बसले. मग विचारलं, तू कुणाचं नाव घेतलंस?

मी चोर समजत होतो या माणसाला.

तीस वर्षांपूर्वी, मशीन पुसता पुसता त्यांनी उत्तर दिलं होतं. मुलाचं नाव. पहिलीत जायचा होता. संध्याकाळी घरी गेले तर बायको म्हणाली, कुठला मुलगा? आजही तिला माहीत नाही. फक्त उत्तर देणाऱ्याला आठवतं, बाकी कुणाला नाही. विसरता आलं असतं तर बरं झालं असतं, म्हणाले. टेप जाळायचं धाडस झालं नाही, कारण तो आत असेल तर? म्हणून फडताळातच ठेवली होती, ही पत्रं यायला लागल्यावर लपवली. कुणाच्या कानावर जाऊ नये म्हणून हेडफोनचा नियम.

मी विचारलं, मला आधी का नाही सांगितलं? ते म्हणाले, सांगितलं असतं तर तू हसला असतास, आणि मग नक्की ऐकली असतीस.

खरं आहे.

शुक्रवार, २१ मार्च

फोनमधले तिचे निरोप गेले. माझे राहिलेत. हो गं. नाही गं. झोप आता. येतो म्हटलं ना. पुन्हा, येतो म्हटलं ना. समोर कुणीच नाही.

म्हणून इथे लिहून ठेवतो. एकोणीस वर्षं. डाव्या कोपरावर भाजल्याचा डाग. हसताना नाकातून आवाज. वांगं खात नाही. मला दादा म्हणते ते फक्त काही हवं असेल तर, एरवी अरे ए. मोठी बस चालवते. मोठी बस. हे मी बनवलेलं नाही.

सोमवार, २४ मार्च

दोन दिवस झोप नाही. डोळे मिटले की पिवळा फ्रॉक तेवढा दिसतो. मोठी गोटी डोळ्यांसमोर आणायला जोर लावावा लागतो. चार वर्षांची आपोआप येते.

सुचलं ते असं. टेप उलटीही चालते. उलटी चालवली तर घडी उलगडेल.

काकांना सांगितलं. ते पांढरे पडले. म्हणाले, त्यातून काय बाहेर येईल ते कुणाला ठाऊक? मी म्हणालो, अठ्ठावीसला तिची परीक्षा आहे. मी कबूल केलंय. ते बराच वेळ तार वाकवत बसले. मग म्हणाले, उद्या दुपारी. सगळे जेवायला गेले की.

ते स्वतः थांबणार नाहीत म्हणाले. त्यांच्या मुलाचं नाव आपल्या तोंडून निघेल अशी भीती वाटते त्यांना.

मंगळवार, २५ मार्च, दुपारी दीड

केलं.

झाकण उघडलं. फ्रॉक बाहेर आला. चार, तीन, दोन, एक. पसरला. तिने उचलला, झटकला — कापडाचा आवाज हेडफोनमध्ये, उलटा, श्वास आत ओढल्यासारखा — आणि माझ्याकडे बघितलं. टेप उलटी चालत असताना ती सरळ हसली. मान डोलावली.

मग नुसती भिंत. टेबलही नाही.

आईला फोन लावला. लागत नाही. गोटीचा —

वाजला! वाजतोय, नुसता वाजतोय, उचलत नाही, पण क्रमांक आहे! आहे ती!

दोन वाजता

खालून फाटकमामांचा फोन. तुला भेटायला कुणीतरी आलंय. माझी बहीण ना, मी विचारलं. हो, ती तसंच सांगतेय, म्हणाले. मी रडायलाच लागलो. मग ते कौतुकाने म्हणाले, केवढीशी रे ही, आणि एकटी कशी आली?

मी म्हणालो, बुटकीच आहे ती, एकोणीस वर्षांची.

मामा हसले. म्हणाले, थट्टा करतोस का, चार वर्षांची असेल फार तर. पिवळा फ्रॉक. एका पायात मोजा.

नीट बघा म्हणालो. मोठी मुलगी असेल मागे. बस चालवते. कोपरावर डाग. ते म्हणाले, मागे कुणी नाही. हिचं कोपर कोरं आहे. फक्त कपाळापासून हनुवटीपर्यंत मधोमध एक रेघ आहे, आणि आडवी एक, खूप दिवस दाबून ठेवल्यासारखी. पडली होती का लहानपणी?

मी म्हणालो, वर पाठवू नका.

ते म्हणाले, कधीच गेली ती, तुझं नाव घेत —

जिन्यावर पाऊल. एकात मोजा आहे, एकात नाही, त्यामुळे एक वाजतं आणि एक

मोठी कुठे आहे मोठी मी मोठीला बोलावलं होतं, मी

दादा म्हणतेय. बाहेरून. तिला काहीतरी ह