वीतभर अंतर

२८ एप्रिल, संध्याकाळ. ब्रांडेनबुर्ग, जर्मनी.

झालं. मोरघार आमच्याच विजेच्या खांबावर अंडी उबवायला बसली. पंख तारेला लागून ती मरू नये म्हणून तर आम्ही तिथे कव्हरं बसवणार होतो, आणि आता तिच्यामुळेच वर चढायला बंदी! लाइन बंद करावी, तर गावं अंधारात. एके काळी हे पक्षी इथून जवळजवळ गेलेच होते. आता परतलेत, तर दिसेल त्या खांबावर घरटं. आनंदच आहे, पण... आज मासा घेऊन नर उतरला तेव्हा पंख आणि तार यांत जेमतेम वीतभर अंतर होतं. मी गाडीत बसून नुसती बघत राहिले.

बॉस म्हणाला, "आल्झो, तर मग पिल्लं उडाली की ऑगस्टमध्ये काम." म्हणजे माझी ऑगस्टची सुट्टी गेली. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन मी घरी, साताऱ्याला पोचल्यावरच करायचं ठरलं होतं. चिडू तरी कोणावर? त्या वीतभर अंतरावर?

आईला फोन करून सगळं सांगितलं. वाटलं, ओरडेल. ती म्हणाली, "अंडी आहेत ना? मग थांब तिथेच. माझा गुडघा काय, पिल्लं उडाल्यावरही दुखतच असेल."

ओरडली असती तर बरं झालं असतं.