बुलडोझरबाईंनी न काढलेले घर

मी, खाली सही करणारी, वयाने सत्तरीच्या पुढची, एका शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक म्हणून नोकरी करून निवृत्त झालेली, विधवा, अपत्य नाही, आज पूर्ण शुद्धीत आणि स्वखुशीने हे मृत्युपत्र लिहून ठेवते. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. गुडघे सोडले तर प्रकृतीची तक्रार नाही आणि गुडघ्यांचा या लिखाणाशी संबंध नाही. माझे डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. ते ठिकाणावर नाही असे म्हणणारी माणसे पुढे त्या त्या कलमात येतीलच. यापूर्वी केलेले मृत्युपत्र मी याद्वारे रद्द करते, कारण ते केले तेव्हा माझ्या बहिणीला स्वतःचे घर होते.

कलम १. या कागदात ‘धाकटी’ म्हणजे माझी सख्खी धाकटी बहीण. तीही विधवा, सध्या माझ्याजवळ राहते. ‘भाची’ म्हणजे तिची एकुलती एक मुलगी, नोकरीनिमित्त दुसऱ्या शहरात असते. ‘हे’ म्हणजे माझे दिवंगत पती. ते बस चालवत.

कलम २. माझे राहते घर, दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि रस्त्याकडची गॅलरी, माझ्या पश्चात धाकटीने तहहयात वापरावे. तिच्यानंतर ते भाचीच्या मालकीचे होईल. हे कलम लिहीत असताना धाकटी समोर बसून उलट्या बाजूने वाचत होती.

“आणि मी आधी गेले तर?”

“तर घर थेट भाचीला.”

“म्हणजे माझ्या मरणाचीही सोय करून ठेवलीस!”

“मृत्युपत्र आहे हे. किराण्याची यादी नाही.”

यावर ती उठून आत गेली आणि भांडी वाजवू लागली. कलम कायम.

कलम ३. बँकेत जे काही असेल ते धाकटीला. बांगड्या भाचीला. त्या जुन्या घडणीच्या आहेत म्हणून मोडून नवीन करू नयेत, असे मी लिहिणार होते. पण ती करणारच, तेव्हा शाई वाया घालवत नाही.

कलम ४. हस्तकलेचे सामान. मी पुठ्ठ्याच्या पेट्या, कागदाच्या लगद्याचे वाडगे, कापडी पिशव्या आणि घरांच्या लहान प्रतिकृती करते, ही गोष्ट एकदा पसरली आणि माझे घर म्हणजे साऱ्या इमारतीचा उकिरडा झाले. “ताई, फेकवत नाही हो, तुम्ही याचं काहीतरी कराल!” असे म्हणून लोकांनी रिकाम्या बाटल्या, आइस्क्रीमच्या काड्या, एका कानातले झुमके आणि काडी मोडलेल्या छत्र्या माझ्या दारात आणून ठेवल्या. घर त्यांचे स्वच्छ झाले. माझ्या कपाटाचे एक दार गेली काही वर्षे उघडत नाही. हे सर्व सामान ज्याचे त्याला परत करावे. वरच्या मजल्यावरच्या बाईंची पिशवी सर्वांत आधी, आणि ती देताना “तुम्हीच याचं काहीतरी करा” असे हसून सांगावे. हसणे आवश्यक आहे.

पुठ्ठा कापायच्या सुऱ्या, पोलादी पट्टी, टोच्या आणि लाकडी दाबयंत्र शेजारच्या सुतारकाकांना द्यावे. माझ्या सुरीला धार लावून देताना “कशाला हवं हे या वयात?” असे न विचारणारा हा एकच माणूस मला भेटला.

शहरातल्या हौशी कलामंडळाच्या अध्यक्षीणबाईंना काहीही देऊ नये. त्यांनी दर प्रदर्शनात माझे काम ‘टाकाऊतून टिकाऊ’ या विभागात, प्लास्टिकच्या चमच्यांच्या फुलांशेजारी मांडले, आणि दर वेळी माझ्या खांद्यावर हात ठेवून विचारले, “वेळ छान जातो ना?” माझा वेळ जात नव्हता. मी काम करत होते.

कलम ५. चित्रे. यांची व्यवस्था सांगण्याआधी ती कशी झाली हे सांगणे भाग आहे, कारण माझ्यामागे काहीबाही सांगितले जाईल.

हे शेवटच्या आजारात बरेच दिवस रुग्णालयात होते. भेटीची वेळ होईपर्यंत मी बाहेरच्या बाकावर बसून राही. समोर कमानीच्या खिडक्यांची एक जुनी वखार होती. पर्समध्ये पेन होते, केसपेपरची मागची बाजू कोरी होती. उपकरणांच्या आकृत्या काढून हात तयार होता, म्हणून वखार काढली आणि यांना नेऊन दाखवली. यांनी कागद बराच वेळ लांब धरून पाहिला.

“खिडक्या वाकड्या आल्यात.”

“मग तुम्ही काढा!”

“उद्या मागची बाजू काढून आण. तिथं जिना आहे लोखंडी. माझा स्टॉप होता तिथं.”

त्यानंतर रोज एक इमारत. हे कागद हातात घेत आणि कुठल्या थांब्याची, कोण तिथे चढायचे, कोण सुट्टे पैसे नसल्याचे नाटक करायचे, हे सांगत. अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांनी पुन्हा सगळ्या शहरातून गाडी फिरवली. ते गेले, आणि मला थांबता आले नाही.

मी जुन्या इमारती शोधू लागले. ज्या पडणार त्या आधी. महापालिकेची नोटीस भिंतीवर दिसली की मी घडीचे स्टूल घेऊन समोर बसे. पिठाची गिरणी काढली, ती पडली. अग्निशमन केंद्र काढले, ते पडले. कोपऱ्यावरच्या लॉंड्रीवाल्याने माझे नाव ‘बुलडोझरबाई’ ठेवले आणि गावभर केले. नोटीस लागते म्हणून मी जाते, मी जाते म्हणून नोटीस लागत नाही, हे मी तोंड दुखेपर्यंत सांगितले. शिकलीसवरली माणसे मान डोलवत आणि मी स्टूल उघडले की खिडक्या लावून घेत. बेकरीवाल्यांनी तर वरून बादलीभर पाणी ओतले.

आणि एके दिवशी एका बिल्डरचा माणूस बूट काढून अदबीने घरात आला.

“मॅडम, एक इमारत आहे. भाडेकरू काही केल्या हलत नाहीत.”

“मग?”

“तुम्ही एकदा समोर बसून काढून गेलात तर... गाडी पाठवतो.”

त्याला मी जिन्यापर्यंत पोचवले. बूट त्याने खाली जाऊन घातले.

बेकरीही यथावकाश पडली. नंतर बेकरीवाले माझ्या दारात उभे. नजर खाली.

“आमच्या दुकानाचं चित्र... असेल का तुमच्याकडे?”

“आहे. तुम्ही पाणी ओतलंत तिथवरच आहे.”

अर्ध्या चित्रावर शाईचा ढग पसरलेला होता. त्यांनी ते तसेच काचेत मढवून नव्या दुकानात लावले आहे. गिऱ्हाइकांना तो धूर वाटतो. असे मग अनेक जण आले. हाकलणारे बहुतेक सगळे आले. कोणाला चित्र हवे होते, कोणाला पुठ्ठ्याचे छोटे घर. मी करून दिले, पण दर वेळी आधी दोन शब्द सुनावले. आता ती सोय राहणार नाही.

उरलेली चित्रे भाचीने पुढीलप्रमाणे वाटावीत : ज्या इमारतीत जे राहिले किंवा कामाला होते त्यांच्यापैकी कोणी मागायला आले तर त्यांना, विनामूल्य. बाकीची सार्वजनिक वाचनालयाला. वाचनालय “जागा नाही” म्हणेल. मी जाऊन पाहिले आहे, जागा आहे. तिथे मोडक्या खुर्च्या ठेवल्यात. चित्रांचे मग, टी-शर्ट किंवा फ्रिजला चिकटवायच्या वस्तू करू नयेत. भाचीने हे मला उत्साहाने सुचवले होते. तिच्या मनात वाईट नव्हते, म्हणून बांगड्यांचे कलम बदललेले नाही.

कलम ६. धाकटीचे घर. हे कलम मी दोनदा फाडून पुन्हा लिहीत आहे.

धाकटीचे घर कोपऱ्यावरचे होते. खाली दातांचा दवाखाना, वर ती, आणि कोपरा वळताना रस्त्यावर पोट काढून उभी असलेली गोल बाल्कनी. तसे घर या शहरात दुसरे नव्हते. लग्न होऊन ती तिथे गेली, तिथेच तिचा संसार झाला. चित्रे काढू लागले त्या पहिल्या दिवसापासून मला ते काढायचे होते. पण माझे नवे नाव तिच्याही कानावर गेले, आणि तिने मला दारातच थांबवले.

“ताई, माझी शपथ आहे तुला. माझं घर काढायचं नाही.”

“तूसुद्धा?”

“खोटं आहे ते, कळतं मला. तरी नको.”

“अगं, तुझ्या घराला नोटीस नाही, काही नाही...”

“म्हणूनच नको.”

त्या दिवसानंतर तिच्याकडे जाताना मी कागद-पेनांची पिशवी दारात ठेवू लागले. तरी ती चहा टाकायच्या निमित्ताने पिशवीत डोकावून येई. मला राग येई, पण शपथ पाळली. बाल्कनीत बसून चहा प्यायचा आणि हात मांडीवर ठेवायचे. माझ्यासारखीला ही शिक्षाच होती.

मग रस्ता रुंद करायचे ठरले. आखणीच्या रेषेत तिचे घर आले. अर्ज झाले, हेलपाटे झाले, ‘साहेब जेवायला गेलेत’ झाले. शेवटी दोन बॅगा घेऊन ती माझ्याकडे आली आणि एका सकाळी घर गेले. ती पाहायला गेली नाही. मीही गेले नाही. घरात बसून दोघींनी भाजी निवडली.

काही दिवसांनी ती माझ्या टेबलासमोर येऊन उभी राहिली.

“दाखव.”

“काय?”

“माझ्या घराचं चित्र.”

“नाही काढलं.”

“चोरूनसुद्धा नाही?”

“तू शपथ घातली होतीस.”

“जन्मात कधी माझं एक ऐकलं नाहीस,” ती ओरडली, “आणि ऐकायला तुला हेच बरं सापडलं!”

काढले असते तर माझ्यामुळे पडले, नाही काढले तर माझ्यामुळे उरले नाही. मी पुठ्ठा कापत राहिले. ती बरेच दिवस माझ्याशी बोलली नाही. दोन खोल्यांत न बोलणे सोपे नसते. सारखे बाजूला सरकावे लागते.

फोटो आहेत. पण सगळ्या फोटोंत माणसे पुढे आणि घर मागे. कोणाच्या खांद्याआड जिना, कोणाच्या डोक्याआड खिडकी. भाचीच्या वाढदिवसाच्या एका फोटोत बाल्कनीचा कठडा दिसतो, तोही फुग्यांमधून.

एका दुपारी मी कोणाच्या तरी घराचा सज्जा चिकटवत होते. धाकटी मागून येऊन पाहत राहिली.

“आमचा असा नव्हता,” ती म्हणाली. “आमचा गोल होता. असा.” तिने हवेत बोट फिरवले.

“हवेतलं मला कसं कळणार? पेन्सिल घे.”

“मला नाही येत.”

“वाकडं काढ. पण काढ.”

शाळा सुटल्यापासून तिने रेघ ओढली नव्हती. तिने जी काढली ती बाल्कनी नव्हती, बटाटा होता. पण तो बटाटा पाहून मला कठड्याची जाळी आठवली, जाळीवरून तिला दवाखान्याची पाटी आठवली, आणि आम्ही पुठ्ठा कापायला घेतला. तेव्हापासून घरात शांतता नाही. जिना कुठल्या हाताला वळायचा, यावर आमचे अजून एकमत नाही. ती म्हणते, मी तिथे जन्म काढला. मी म्हणते, म्हणूनच तू कधी पाहिला नाहीस. स्वयंपाकघर करून दाखवले तर म्हणाली,

“एवढंसं नव्हतं. मोठं होतं.”

“अगं, मोजलंय मी डोळ्यांनी. आपण दोघी एकदम उभ्या राहत नव्हतो त्यात.”

“मोठं होतं, ताई.”

“मापात बसत नाही!”

“मग माप बदल.”

प्रयोगशाळेत उभा जन्म काढलेल्या बाईला हे ऐकावे लागले. मी माप बदलले. सबब नोंद घ्यावी की, सदर प्रतिकृतीतील स्वयंपाकघर प्रमाणात नाही. ते धाकटीच्या सांगण्यानुसार आहे आणि ते कोणीही दुरुस्त करू नये.

ही प्रतिकृती, पूर्ण झाली असो वा नसो, धाकटीच्या एकटीच्या मालकीची आहे. ती ओल्या फडक्याने पुसू नये. कोणत्याही प्रदर्शनात, कोणत्याही विभागात ठेवू नये.

कलम ७. या मृत्युपत्राची अंमलबजावणी भाचीने करावी. ती व्यवस्थित आहे, प्रेमळ आहे, आणि घाई करते. दर रविवारी तिचा फोन येतो, “आई, इकडे ये ना. तिथे दोघी म्हाताऱ्या काय करता?” मी जिवंत आहे तोवर हा विनोद आहे. मी गेल्यावर तो विनोद राहणार नाही, हे धाकटीने ओळखले आहे. काल कागद आवरताना ती म्हणाली,

“तू गेलीस की मला नेतील.”

“जायचंय तुला?”

“नाही.”

“मग तसं लिहिते.”

“लिहिलं की ऐकतात?”

“मेलेल्या माणसाचं ऐकतात. जिवंत माणसाचं कोण ऐकतं?”

म्हणून हे शेवटचे आणि सर्वांत महत्त्वाचे कलम. माझ्या बहिणीला रस्त्यासाठी एकदा घर सोडावे लागले आहे. पुन्हा तिला या घरातून तिच्या मर्जीविरुद्ध कोणीही हलवू नये. सोयीसाठी नाही, तब्येतीसाठी नाही, आणि प्रेमापोटी तर मुळीच नाही.

हे सर्व मी स्वतःच्या हाताने लिहिले, पुन्हा वाचले आणि दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली.

ठिकाण : राहते घर, कात्रणे बाजूला सारून मोकळे केलेले टेबल
दिनांक : ११ नोव्हेंबर २०२५

लिहून ठेवणार : (सही)

साक्षीदार :
१. आमचे डॉक्टर (सही). लिहून ठेवणाऱ्या बाई शुद्धीवर आहेत. चिडलेल्या आहेत, पण शुद्धीवर आहेत.
२. कोपऱ्यावरचे झेरॉक्सवाले (सही)

ज्याला लाभ मिळतो त्याची सही साक्षीदार म्हणून चालत नाही, हे झेरॉक्सवाल्यांनी धाकटीला समजावले. ती म्हणाली, चालत नसेल तर नसू दे. तिने खाली स्वतःच्या हाताने लिहिले आहे :

मी वाचले. मी इथेच राहणार.
— धाकटी